दातवाली आणि साखरवाले यांचं साटंलोटं

४ जानेवारी, सकाळ
ब्रशवर रक्त. कालही होतं. परवा होतं की नाही, ते लाइट गेल्यामुळे कळलं नाही.
ब्रश हिने आणलेला. नेहमीचा सोडून हा का आणला, असं विचारलं. अहो, नेहमीचाच आहे, म्हणाली. वीजचोरी पकडणाऱ्या भरारी पथकात माझं आयुष्य गेलं. ज्या घरात ‘नेहमीचंच आहे साहेब’ ऐकलं, त्या घरात मीटरच्या मागे हमखास तार सापडली आहे.
निश्चय : टोचणारी वस्तू तोंडात घालायची नाही. ब्रश बंद. बोट आणि मीठ.

९ जानेवारी
रक्त बंद. निदान अचूक निघालं. मीठ झोंबतं, म्हणून तेही बंद. आता फक्त चूळ.
तोंड मात्र सारखं कोरडं पडतं. खिशात पेपरमिंटच्या गोळ्या ठेवल्या आहेत. डायबेटिसवाल्याने गोड खाऊ नये हे मला कुणी शिकवायला नको. पण गोळी ही गोळी असते. औषधाच्या दुकानात मिळते. मी ती गोडात धरत नाही.

१७ जानेवारी
ड्रायव्हरवर लक्ष ठेवायला हवं. मी बोलायला लागलो की हा जीपची काच खाली करतो आणि डोकं बाहेर काढतो. एवढ्या गारठ्यात. बाहेर कुणाला खुणा करतो? आज जिथे जिथे छापा घातला तिथे मीटर स्वच्छ, घरमालक हसतमुख. खबर फुटते आहे.
दुपारी त्याने मला लवंग दिली. तोंडात धरा साहेब, बरं वाटेल, म्हणाला. लाचेची सुरुवात अशीच लहान असते. पुरावा म्हणून खिशात ठेवली.

२ फेब्रुवारी
साखरवाल्या डॉक्टरांकडे तपासणी. तयारी कडक होती. दोन दिवस भात नाही, बटाटा नाही, पेपरमिंटची गोळीसुद्धा नाही. सकाळी घरच्या मशीनवर आकडा पाहिला, देखणा होता. हिलाही बोलावून दाखवला. हिने आकड्याऐवजी माझ्या खिशाकडे पाहिलं. कौतुक करायचं जिवावर येतं.

५ फेब्रुवारी
रिपोर्ट वाईट. घरचं मशीन बिघडलं असणार म्हटलं, तर डॉक्टर म्हणाले, मशीन ठीक आहे. पण ही तपासणी दोन दिवसांची नसते, गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते.
ज्याच्यावर वहीम असतो त्याच्या दाराबाहेरच्या खांबावर आम्ही गुपचूप चेक मीटर लावतो. घरातला मीटर कितीही सावकाश फिरवा, खांबावरचा खरं सांगतो. पण आम्ही निदान खांबावर लावतो. माणसाच्या रक्तात लावत नाही.
वर त्यांनी विचारलं, दात कधी दाखवले होते? म्हटलं, दातांचा काय संबंध? म्हणाले, साखर वाढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्या बिघडल्या की साखर आवरत नाही. दातांच्या डॉक्टरच्या नावाने चिठ्ठी दिली. कानांच्या का नाही दिली? कुठेतरी पाणी मुरतंय.

११ फेब्रुवारी
दातवाली. वयाने माझ्या मुलीएवढी. वरचा पुढचा दात बोटाने हलवून पाहिला. हलला. तिने हलवला म्हणून हलला, असं मी तोंड मोकळं झाल्यावर सांगितलं.
मग म्हणाली, साखर वाढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्या बिघडल्या की साखर आवरत नाही. शब्दाला शब्द तोच. दोन साक्षीदारांची जबानी इतकी जुळली की समजावं, आधी बसून ठरवलेलं आहे. साटंलोटं सिद्ध.
तिचं म्हणणं : रक्त येतं म्हणून ब्रश सोडला हेच चुकलं. मऊ ब्रश घ्या, हिरड्यांच्या आतून सफाई करून घ्या, साखर आवरा, नाहीतर हा दात जाईल. धमकीच ती. तोंडाला वास येतो, कुणी सांगितलं नाही का, असंही विचारलं. ऑफिसात इतकी माणसं आहेत, जीपमध्ये ड्रायव्हर रोज शेजारी असतो, कुणी चकार शब्द काढलेला नाही. तसं स्पष्ट सांगून निघालो.
दात गेल्यावर माझे वडील आमच्याबरोबर जेवायला बसेनासे झाले. भिंतीकडे तोंड करून जेवायचे. तेव्हा ते माझ्याच वयाचे होते. या दाताला मी कुणाला हात लावू देणार नाही. भीती वगैरे नाही. थोडी आहे.

२६ फेब्रुवारी
संशयाची सुई घराकडे वळली आहे. गेले कित्येक दिवस पानात सगळं मऊ. भात गिचका, भाजीचा लगदा, काकडीसुद्धा किसलेली. विचारलं तर म्हणाली, कुकर बिघडलाय, फार शिजतं. कुकर मी स्वतः उघडून तपासला. उत्तम स्थितीत. शिवाय काकडी कुकरमध्ये किसली जात नाही.
म्हणजे ही खोटं बोलते. फोनवर हळू आवाजात बोलते आणि मी आलो की ठेवून देते. काल ‘दात’ हा शब्द स्पष्ट ऐकला. दातवालीने घरात माणूस पेरला आहे.
खाणं तसं झकास चाललंय. फक्त डाव्या बाजूने चावतो. उजवीला विश्रांती आणि पुढच्या दाताला भरपगारी रजा. दाताची काळजी म्हणतात ती हीच.

८ मार्च
अखेर छापा. भाजी आणते सांगून ही बाहेर पडली आणि पिशवी घरीच राहिली. मागोमाग निघालो. अपेक्षेप्रमाणे दातांचा दवाखाना. दार अर्धवट उघडं होतं, बाहेर उभा राहिलो.
ही दातवालीला सांगत होती, ते एकाच बाजूने खातात, गाल धरून बसतात. मऊ केलं की चार घास नीट जातात. पण त्यांच्यापुरतं वेगळं केलं तर त्यांना कळेल आणि लाज वाटेल, म्हणून मीही तेच खाते. मग विचारलं, तो पुढचा दात न काढता काही होईल का हो? फार जीव आहे त्यांचा त्याच्यावर.
इथूनच परत फिरायला हवं होतं. पण नोकरीची सवय. दार ढकलून आत शिरलो आणि त्या आवेशात तोंडातली गोळी कडकन चावली. मोडल्याचा आवाज आला. गोळी शाबूत होती.
दात काउंटरवर पडला. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, अपॉइंटमेंट आहे का?

१० मार्च
अर्ध्या तोंडाची सफाई झाली. दुखलं. शेजारचे दोन दातही हलतात. ब्रश आणि साखर दोन्ही सांभाळलंत तर वाचतील, दातवाली म्हणाली. गोळ्या तिने हिच्यासमोर माझ्या खिशातून काढायला लावल्या. हिला सगळं आधीच माहीत होतं.
एक गोष्ट नोंदवून ठेवतो : दात तिने काढलेला नाही. मी काढू दिला नाही.

१४ मार्च, संध्याकाळ
स्वयंपाकघराचं दार लावलेलं. आतून कुडुमकुडुम आवाज. हळूच ढकललं. ही ओट्याशी उभी राहून भाजलेले शेंगदाणे खात होती. मला पाहून मूठ पाठीमागे नेली.
म्हटलं, बाहेर येऊन बस की. आली. वाटी मांडीवर घेऊन आधी आवाज न करता खात होती, माझ्याकडे न बघता. मग तिचं भान सुटलं आणि चांगले कडाकडा फोडायला लागली. किती दिवसांनी खात होती कुणास ठाऊक. मी ऐकत बसलो. इतका हेवा मला कुणाचा वाटला नव्हता, आणि इतकी लाजही.
बोलता बोलता तिने वाटी माझ्यापुढे केली आणि लगेच मागे घेतली.