दीपगृहाची दोन तिकिटं

९ फेब्रुवारी

ती. बाबांना साष्टांग नमस्कार.

मी बरी आहे. खोली लहान आहे, पण खिडकी पूर्वेला असल्याने कपडे दहाच्या आत वाळतात. आईच्या गुडघ्याचं तिने फोनवर सांगितलं. तुमचं मात्र काही कळत नाही. माझा फोन आला की "घे, तुझी लेक" म्हणून तुम्ही तो तिच्या हातात देता, ते मला ऐकू येतं. म्हणून हे पत्र.

मार्चमध्ये मला चार दिवस सुट्टी आहे. एक बेट पाहायचं ठरवते आहे. नारळ, पांढरी वाळू आणि टोकाला दीपगृह. तुमच्या हत्यारपेटीच्या झाकणाला आतून चिकटवलेल्या कॅलेंडरच्या चित्रातलं तेच. बोट सकाळी सातला सुटते, पावणेतीन तास लागतात. ऊन उजवीकडून येतं, तेव्हा डावीकडे बसायचं. दुसऱ्या दिवशी ओहोटी दहा चाळीसला आहे. तेव्हा शेजारच्या चिमुकल्या बेटापर्यंत वाळूची वाट उघडी पडते आणि जेमतेम सव्वा तास राहते. वाळू नेमकी तिथेच कशी साचते, हे मी तिघांना विचारलं. तिघांनी तीन कारणं सांगितली.

दीपगृहाला दोनशे अकरा पायऱ्या आहेत. बोटीच्या कचेरीतल्या माणसाला विचारलं, "दिवा फिरवायचं जुनं यंत्र अजून आहे का?"

"ताई, लोक वर फोटो काढायला जातात," तो म्हणाला. "यंत्राची चौकशी करणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

पण आहे म्हणे. मनोऱ्याच्या पोकळीतून वजन हळूहळू खाली उतरायचं, त्यावर दातेरी चाकं चालायची. भिंग एवढं प्रचंड, पण पाऱ्यावर तरंगत असल्याने एका बोटाने ढकललं तरी फिरायचं. वजन तळाला पोचायला किती तास लागत असतील? रखवालदाराचा डोळा लागला तर? त्या चाकांचे दाते कशावर कापले असतील? हे तुमचं खातं. मला नुसते प्रश्न पडतात.

आईलाही विचारलं. "मला पाण्यावर घालू नका, मला बादलीकडे बघून गरगरतं," म्हणाली. "तुम्ही दोघं जा, आणि तिथे तरी तोंडं उघडा."

मी इथेच उघडते.

गेल्या वर्षी कारखान्यात तुम्ही कातलेला पंपाचा तो शाफ्ट मी नापास केला. लेथवरून नुकताच उतरला होता. तुम्ही म्हणालात, "हात लावून बघ. गरम काम मोजायचं नसतं, थंड होऊ दे." गरम लोखंड फुगतं, हे मी शाळेत असताना तुम्हीच मला शिकवलेलं. पण तपासणी विभागात लागून मला तीन आठवडे झाले होते, साहेब मागे उभे होते आणि 'बापाचं म्हणून पास केलं' हे मला कुणाच्या तोंडून ऐकायचं नव्हतं. मोजलं. दोन शतांश मिलिमीटर जास्त. शेरा लिहिला, 'कारागिराचं मोजमाप चुकलं.' पुन्हा कातायला तुम्ही नकार दिलात आणि त्याच आठवड्यात, निवृत्तीला आठ महिने उरलेले असताना, एप्रन खुंटीला लावून कायमचे निघून आलात.

न सांगितलेली गोष्ट पुढची आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी, कुणी यायच्या आधी, मी तो पुन्हा मोजला. बरोबर होता. मायक्रोमीटर पुसून डबीत ठेवला आणि गप्प बसले. अकरा महिने. पहिल्या दिवशी माझी चूक झाली. त्यानंतर जे झालं त्याला चूक म्हणता येत नाही.

गेल्या सोमवारी त्याच साहेबांना लेखी कळवून शेरा माझ्या सहीने मागे घेतला. ते म्हणाले, "आता काय उपयोग?" ते मलाही ठाऊक नाही. पण कागद लेथखात्याच्या फलकावर लावायची विनंती केली होती. लावला, असं मुकादमकाकांनी कळवलं. प्रत सोबत आहे.

तिकिटं दोन काढली आहेत. तुम्ही आला नाहीत तर शेजारची जागा रिकामी ठेवून जाईन आणि यंत्र पाहून तुम्हाला सविस्तर लिहीन. आलात तर तुमचा मायक्रोमीटर आणा. भंगारात जाण्याआधी तो शाफ्ट मी मागून घेतला होता. साडेचार किलोंचा आहे, पिशवीत घालून आणेन. सावलीत बसून तुम्ही मोजा. मी नुसती धरून उभी राहीन.

लहानपणी टेप घेऊन घरभर फिरायचे म्हणून तुम्ही ठेवलेलं नाव लिहावं की नाही, ठरत नव्हतं. लिहिते.

तुमची
मोजपट्टी