एकदाच विचारणारी माणसं

बुधवार पेठ, सोलापूर

ती. मनकर्णाआत्यास,

धम्मप्रियाचा सविनय जयभीम. तुझे गुडघे जिना चढू देतात, असं धरून चालते.

घरातली पहिली पदवीधर आता मास्तरीण होणार, असं तू भीमजयंतीला आलीस तेव्हा गल्लीभर सांगून गेलीस. त्यासाठीच मी उदयसिंह सरांच्या इंग्रजी बोलण्याच्या क्लासला जाते. तिथं महिनाभर आम्ही नुसतं मागायला शिकलो. आपल्या घरात एक 'पायजे' सगळ्यांना पुरतं. आईला गॅस पायजे, पप्पांना शांतता पायजे. इंग्रजांना पुरत नाही. 'वॉन्ट' म्हणे उद्धट. 'विश' जे मिळणारच नाही त्यासाठी. 'होप' जे मिळेल, पण आपल्या हातात नाही त्यासाठी. 'डिझायर' मुलींनी फक्त वाचावा. (दुसऱ्याचा देश घेताना यांतला कुठला वापरला होता, असं मी विचारलं. सरांनी मला मागच्या बाकावर बसवलं.) स्वतःला चहा हवा असला की सर यांतला एकही शब्द वापरत नाहीत, बेल वाजवतात.

एवढी तयारी करून मी एका इंग्रजी शाळेत मुलाखतीला गेले. धडा घेतला, मुलं खूश, मुख्याध्यापिकाबाईही खूश. मग त्यांनी विचारलं, 'डू यू वॉन्ट धिस जॉब?' लहानपणी तू चिमटे काढून शिकवलंस, 'कुणी कायबी इचारलं की पयलं नको म्हणायचं. हावरट दिसायचं न्हाय.' आपल्याकडं भाकरीला नको म्हटलं की भाकरी ताटात पडते, पुन्हा नको म्हटलं की वर चटणी पडते. मी मान खाली घालून 'नो, नो, मॅडम' म्हटलं आणि आग्रहाची वाट बघत बसले. बाईंनी 'ओके' म्हणून फाईल मिटली. (पुढची मुलगी खुर्चीत बसायच्या आधीच 'येस' म्हणाली. नोकरी तिलाच मिळाली.)

मागायला इतके शब्द, आणि दुसऱ्यांदा विचारायची रीत नाही! असल्या माणसांच्या शाळेत मला शिकवायचंच नाही. पप्पा म्हणतात, 'तृष्णा हेच दुःखाचं मूळ हाय, पोरी.' मला पटलंय. मी अगदी शांत आहे. (आई म्हणते, शांत माणूस भांडी अशी आपटत न्हाय.)

कसलीही अपेक्षा नसलेली तुझी भाची,
धम्मप्रिया, बी.ए.

ता.क. : जयंतीला आलीस तेव्हा तू मला विचारलं होतंस, 'करमाळ्याला माझ्याकडं राहून बी.एड. करती का?' मी नको म्हटलं होतं. ते पहिलं नको होतं. रीत तुझीच, आणि दुसऱ्यांदा विचारायला तूच विसरलीस.

ता.क. २ : फोनवर विचारलंस तरी चालेल. चटणीपर्यंत थांबणार नाही.