तिसरं मागणं

१४ नोव्हेंबर २०२३, मंगळवार. संध्याकाळचे सहा चाळीस. खिडकीशी बसून बटाटे सोलतोय.

सालं जाड निघत होती म्हणून सुरी बदलली. दुपारी बाजारात बटाटेवालीशी किलोमागे वीस टेंग्यांसाठी घासाघीस केली. ती म्हणाली, तुझ्यासारखं गिऱ्हाईक आलं की मला दुकान बंद करावंसं वाटतं. आणि काल इथे कपचागायच्या कॅसिनोत पोकरच्या एका डावात एक लाख ऐंशी हजार गेले, तेव्हा पापणी हलली नाही. दोन्ही पैसे एकाच खिशातले! – पण एका जातीचे नाहीत. टेबलावरचा पैसा म्हणजे सुताराचा रंधा. रंधा कोणी खात नाही, झिजला म्हणून रडत नाही.

खेळायची मूळ रक्कम सप्टेंबरात छत्तीस लाख होती. आज चार लाख दहा हजार. चुकीचं खेळलो नाही. प्रत्येक डाव घरी येऊन पुन्हा मांडून पाहिला. पत्तेच आले नाहीत. असं होतं. याआधीही झालं आणि सावरलं. पण हातात दहा लाख नसतील तर त्या टेबलावर बसायचं नाही, हा माझाच नियम. दुसरा नियम – उसन्या पैशावर खेळायचं नाही. उसना पैसा घाबरतो.

थकलोय. हरून नाही. बरोबर खेळून हरलो, त्याने.

१६ नोव्हेंबर

एक वाट सुचली. मामाकडे माझं एक मागणं शिल्लक आहे.

आमच्यात रीत आहे – भाच्याने आईच्या माहेरी जाऊन आयुष्यात तीनदा हवं ते मागावं, मामाने नाही म्हणू नये. पहिलं मागणं सहा वर्षांचा असताना – मामाचा हस्तिदंती मुठीचा चाकू. दुसरं, तेराव्या वर्षी – शिकारी कुत्रीचं पिल्लू. तिसरं तसंच पडून आहे.

मागणं म्हणजे उसनं नव्हे. ते परत करायचं नसतं. केलं तर मामाचा अपमान. म्हणजे माझा नियम मोडत नाही! उलटसुलट करून पाहिलं. मोडत नाही.

१८ नोव्हेंबर, शनिवार. मामाच्या गावी.

मिनीबसने आलो. कोझाबेकमामा अंगणात कडबा पसरत होते. मला पाहून म्हणाले, भाचा आला, आता घरातल्या वस्तू झाका. मामी म्हणाली, किती वाळलास, कपचागायमध्ये खायला देत नाहीत का?

शेजाऱ्यांनी मेंढा कापला होता, त्याचं काळीज परतलेलं होतं. मामी दुधाचा चहा अर्धाच पेला ओतायची, पुन्हा पुन्हा देता यावा म्हणून. दर पेल्याला मी बोलणं पुढे ढकलत होतो.

मामाने धंद्याचं विचारलं. मी समजावलं, हा जुगार नाही, हिशेब आहे. समोर घाईवाले बसतात, प्यालेले बसतात, उधळे बसतात. आपण फक्त वाट पाहायची.

"म्हणजे त्यांचे पैसे तुझ्याकडे येतात."

हो म्हणालो.

"बरं. त्यांनाही मामा असतील ना रे, भाच्या?"

मामी हसली. मीही हसलो.

मग कुंपणाशी गेलो. हिवाळ्याच्या मांसासाठी पोसलेले दोन घोडे होते, त्यांतला एक मागायचं ठरवून आलो होतो. सात लाखांना गेला असता. माझं भागलं असतं. पण पलीकडे बुरिल उभा होता – मामाचा स्वतःचा बसायचा घोडा, पेल्यातला चहा न हिंदकळता चालणारा. नजरेनेच भाव केला. नऊ लाखांच्या वर. जास्त किमतीचं सोडून कमी किमतीचं उचलणं ही टेबलावर चूक असते. तोंडातून बुरिलचंच नाव निघालं.

मामाने बुरिलच्या मानेवरून हात फिरवला. मग विचारलं, बसायला हवा की विकायला? विकायला, म्हणालो. खोटं बोललो नाही, एवढंच. मामी आत जाऊन भांडी घासू लागली. आवाज मोठा येत होता.

जनावर विकताना मालक कोटाच्या काठाने त्याच्या तोंडाची लाळ पुसून घेतो. जनावर गेलं तरी बरकत घरात राहावी म्हणून. मी पाहत होतो. मामाने पुसली नाही. लगाम माझ्या हातात दिला.

"घेणाऱ्याला सांग, उतारावर ओढू नकोस. तो स्वतः उतरतो."

१९ नोव्हेंबर

गुरांच्या बाजारात बुरिल गेला. ९,५०,०००. पैसे दोनदा मोजले. घेणारा थांबून राहिला – मी लाळ पुसावी म्हणून. शक्यतांचा हिशेब करणारा माणूस मी! पुसली. मामाने जे ठेवून घेतलं नाही ते मी ठेवून घेतलं.

उताराचं सांगायला विसरलो. बस सुटल्यावर आठवलं.

२२ नोव्हेंबर

दुपारी टेबलावर बसलो. समोर अल्माटीचा एक कंत्राटदार, मागच्या वेळी मला चाळीस हजार देऊन गेलेला. एक चिप पंचवीस हजारांची. अडतीस चिप्स म्हणजे बुरिल. हे डोक्यात आलंच कशाला!

दोन राजे हातात आले. टेबलावर उघड्या मांडलेल्या पत्त्यांत भीतीचं काही नव्हतं. कंत्राटदाराने सोळा चिप्स पुढे सारल्या. तो थापा मारतो हे मला ठाऊक. असा डाव शंभरदा आला तर सत्तरदा माझा. तीन वर्षं मी याच डावावर जगलो. आणि मी त्या सोळा चिप्सकडे पाहत बसलो – तो जवळजवळ अर्धा घोडा होता.

पत्ते टाकून दिले.

त्याने आपले उघडे केले. दहा आणि नव्वा. थापच होती. "काय भाऊ, लग्न ठरलंय का? फार जपून खेळताय," म्हणाला. सगळे हसले. पत्ते वाटणारी मुलगीसुद्धा.

उठलो तोवर ८५,००० गेले होते. वाईट पत्त्यांनी नाही. आज चुकीचं खेळलो.

२३ नोव्हेंबर

गेलो नाही. कोट खुंटीला आहे, काठावर लाळेचा पांढरा डाग. धुतला नाही.

२६ नोव्हेंबर

उसना पैसा घाबरतो असं मी लिहिलं. हा उसना नव्हता, तरी घाबरला. पैसा कुठून आला हे कळलं की तो चिप होत नाही. मग आधीचे पैसे माझ्याकडे आले तेव्हा चिप कसे झाले? कारण मी विचारलं नव्हतं. कोणाची गाडी, कोणाच्या बायकोच्या बांगड्या. तो कंत्राटदार ज्यांची मजुरी थकवतो त्यांचेही असतील. मामाने एका पेल्यात विचारलं ते मी तीन वर्षं विचारलं नाही.

दुसरं काही काम येत नाही. वेल्डिंगचा कोर्स अर्धा सोडला. झोप येते, पण झोपल्यावरही उठल्यासारखं वाटत नाही.

२९ नोव्हेंबर

सकाळी आईचा फोन. "आधी बक्षीस बोल, मग बातमी सांगते." वीस हजार बोललो. धाकट्या बहिणीला, आयझादाला, मुलगा झाला. साडेतीन किलो. आई म्हणाली, मामा झालास रे, मुखित.

भाडं ७०,०००. जेवणखाण १५,०००. आईला बातमीचे २०,०००. शिल्लक ११,७०,०००. मूळ रक्कम हा रकाना आज आखला नाही.

देणं: भाच्याला तीन. काय काय, ते त्याला बोलता येईल तेव्हा कळेल.