एकजीव न झालेलं लोखंड

सुपा, रविवार

प्रिय पूजा,

चाकणला घर मिळालं का, स्वयंपाक कोण करतं, असं बरंच विचारायचं होतं. पण सकाळपासून मन एका जागी बसत नाही. चहा ठेवते आणि विसरते.

आमच्या ओतकामाच्या कारखान्याचे मालक आबासाहेब तुला माहीत आहेत. भट्टीपाशी मुलगी नको म्हणून सगळे परत पाठवत होते, तेव्हा त्यांनी मला कामावर घेतलं. माझ्या शब्दावर ते सॉफ्टवेअर आणलं. साच्यात लोखंडाचा रस कसा वाहील, कुठे आधी थिजेल, ते ओतण्याआधीच पडद्यावर दिसतं. पाहुणे आले की आबासाहेब कौतुकानं सांगतात, "आमची तमन्ना लोखंडाच्या पोटातलं बघती."

मंगळवारी तुमच्या कंपनीच्या ट्रॅक्टरसाठी ब्रेकचे दांडे ओतत होतो. मध्येच लाइट गेली, क्रेन थांबली आणि रसाची बादली तशीच लटकत राहिली. लाइट आल्यावर उरलेले साचे त्याच निवलेल्या रसानं भरले. मी तापमान मोजून ठेवलं होतं. ते सॉफ्टवेअरमध्ये घातलं, तर दांड्याच्या मध्यावर, जिथे दोन्हीकडून आलेला रस भेटतो, तिथे तो एकजीवच होत नाही. पडद्यावर तेवढा भाग लाल. वरून गुळगुळीत, आत चीर.

आबासाहेबांनी लगेच एक दांडा कापायला लावला. निर्मळ निघाला. "पोरी, पडद्यावरचं लाल खरं का हातातलं लोखंड खरं?" मी म्हटलं, हा लाइट जाण्याआधीचा असेल, सगळे एकत्र झालेत, अजून कापू. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "माल थांबला तर ऑर्डर जाईल. मग ही सगळी माणसं कुठं जातील?" तपासणीच्या कागदावर मी सही केली नाही. त्यांनी केली. माझ्यावर रागावले नाहीत, हेच जास्त टोचतं.

माझंच चुकलं असेल, असंही वाटतं. सॉफ्टवेअर शेवटी अंदाजच सांगतं. पण काल घरी गेले, तर अब्बा ट्रॅक्टर धूत होते. गळीत हंगाम सुरू होतोय. उसाच्या ट्रॉल्या भरलेल्या असताना उतारावर ब्रेक लागला नाही तर, असं मी विचारलं. ते हसले. पाय ठेवला की थांबतोच, म्हणाले.

माल उद्या सकाळी निघतोय आणि आलेला माल तपासायचं काम तुझ्याकडे आहे. फोनवर सांगता आलं असतं. पण कुणाच्या सांगण्यावरून माल अडवला, असं तुझ्या साहेबांनी विचारलं तर दाखवायला तुझ्याजवळ काहीतरी हवं. म्हणून हे लिहून भाऊ उझैरच्या हाती आजच पाठवतेय. एकही दांडा जोडू देऊ नकोस. आधी कापा, एकदोन नाही, भरपूर. सगळे चांगले निघाले तर आबासाहेबांची माफी मागेन. चीर निघाली तर माझं नाव लपवू नकोस. उझैर निघाला की मी आबासाहेबांच्या घरी जाणार आहे. तुला मी कळवलंय, हे त्यांना दुसऱ्या कुणाकडून कळायला नको.

जीव टांगणीला लागलेली,
तुझीच
तमन्ना