पायरीवरचे आबा

६ मार्च १९३५
जत्रा संपली. घसा बसला आहे, पाय सुजले आहेत, पण मन हलकं. खारेश्वराच्या देवळाच्या आवारात तीन दिवस टेबल मांडून होते. अलिबागच्या बंद पडलेल्या फोटोच्या दुकानातून गेल्या वर्षी उचललेली ही जुनी चित्रकार्डं. जलदुर्ग, दीपगृह, काशीदचा किनारा, तळ्याचा गड, नागावच्या वाड्या. आजवर ती धक्क्यावर साहेब लोकच घेत. यंदा गावच्या माणसांनी घेतली, आणि घेतलं ते आपल्या ह्या देवळाचं कार्डच. मुंबईच्या गिरण्यांतले लोक तर दोन-दोन मागत होते.
मी शिकवते त्या मुलींच्या शाळेला आता ह्या पैशांतून नकाशा येईल. आपल्याच किनाऱ्याची चित्रं भिंतीवर लावून भूगोल शिकवायचा, हे मनात आहे.
एक चुटपुट. प्रत्येक चित्राचं उत्तम कार्ड मी आधी संग्रहाला बाजूला काढते. देवळाचे गठ्ठेच एवढे होते की ते राहूनच गेलं. शेवटचंसुद्धा विकलं.

७ मार्च
आबांना सांगितलं, "तुम्ही आता मुंबईत पोचलात." हसले. देवळाच्या कार्डावर पायरीवर बसलेला तरुण गुरव म्हणजे आमचे आबाच. वीस-बावीस वर्षांपूर्वी कुणी साहेब कॅमेरा घेऊन आला होता. खाली इंग्रजीत 'किनाऱ्यावरील देऊळ व पुजारी' एवढंच. नाव नाही.
"हलू नको म्हणाला. मी श्वास धरून बसलो. म्हटलं, आता सोडू का? तर तो निघूनही गेलेला."
आईनं कार्डांकडे कधी नीट पाहिलंच नाही. बी. ए. झालेली पोर जत्रेत टेबल मांडते, ह्याचीच तिला शरम.

२१ मार्च
आजचा दिवस नको होता.
शिमग्याला मुंबईची माणसं आली आहेत. पलीकडच्या वाडीतला धाकू परळच्या गिरणीत आहे. तो दारात आला. "ताय, कारड बदलून द्या. पार भिजला." कोपऱ्यांवर तेलाचे डाग, कळसावर हळद, वर झेंडूच्या माळेचा पिवळा ओघळ. खोलीतली सगळी जणं कामावर जाताना त्या कार्डाच्या पाया पडतात म्हणे. मी हरखले. तेवढ्यात आई पाणी घेऊन बाहेर आली नि कार्ड हातात घेऊन उजेडाला गेली.
पायरीवरच्या माणसाच्या कपाळाला कुंकू होतं. माळ त्याच्याही गळ्यावरून गेली होती.
"हे हे आहेत."
मी म्हटलं, "हो आई, आबाच."
"जित्या माणसाच्या तसबिरीला हार घातलाय गो!"
धाकूनं जीभ चावली. "आमाला काय म्हाईत काकू, आमी देवाला घालताव."
आई ते कार्ड तसंच घेऊन आत गेली ती देवापुढे बसली. जेवली नाही. हार मेलेल्याच्या तसबिरीला घालायचा असतो, हे मलाही ठाऊक आहे. पण तर्कशास्त्र घेऊन पदवी मिळवलेल्या मुलीनं ह्याला कारण म्हणायचं?

४ एप्रिल
पाडवा. गुढी मीच उभारली. आबांना चार दिवस ताप. देवळाची पाळी शेजारच्या चुलतकाकांकडे दिली. आबांनी पाळी कधी चुकवलेली मला आठवत नाही.
आई गुढीला नैवेद्य दाखवताना माझ्याकडे न बघता म्हणाली, "किती घरांत लागलाय तो हार?"


९ एप्रिल
अलिबागहून डॉक्टर आणले. छातीत पाणी झालंय. विश्रांती, शेक, औषध. "वय झालंय, बघू." हे 'बघू' मला आवडलं नाही.
आईला समजावलं. छातीत पाणी जंतूंमुळे होतं, कार्डामुळे नाही. ताप त्याआधीही असेल, आबा अंगावर काढतात. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग, "तू शिकलेली. तुझं बरोबर असेल. पण ती कार्डं परत आणलीस तर तुझं काय जाईल?"
 खरंच, काय जाईल?

१२ एप्रिल
रेवदंड्याच्या धक्क्यावर हसनमियांकडे गेले. विड्या-काडेपेट्यांच्या टपरीत माझी कार्डं तेच विकतात. त्यांचे वडील गलबतांवर होते, त्यामुळे आगबोटीचा खलाशी न् खलाशी ओळखीचा. सगळं सांगितलं. हसतील वाटलं होतं. हसले नाहीत.
"आमच्यात घरात तसवीर लावत नाहीत, बाय. त्यामुळे माझ्याकडे घरी एकपण नाही. टपरीच्या पेटीत देवळाची जुनी दोन उरलीत, ती घ्या."
"तुमचा विश्वास आहे ह्यावर?"
"माझ्या विश्वासाचं सोडा. तुमच्या आईला झोप येते का रात्री?"
नाही येत, म्हटलं.
"मग बास. चाकरमानी येतात-जातात, मी मागून घेतो. बदल्यात किल्ल्याचं कार्ड देऊ या."
पावसाळ्यात आगबोटी बंद होतात. त्याआधी जमेल तेवढं.

२० एप्रिल
ह. मि. रोज दोन-तीन पाठवतात. त्यांचा निरोप: किल्ला कुणाला नको. "किल्ल्याला फूल कसा वाहायचा?" असं एक बाई म्हणाली. शेवटी दीपगृह घेऊन गेली. निदान दिवा तरी आहे.
मला हसू आलं. कितीतरी दिवसांनी. लगेच आतून आबांचा खोकला.
परत आलेली कार्डं आई मोजत नाही, फक्त विचारते, "झाली का?" जवळजवळ प्रत्येकावर तोच लाल ठिपका. त्या कपाळावर. देवळाच्या कळसावर नसला तरी तिथे आहेच.

२ मे
मुंबई. मामांकडे उतरले. धाकू गावाहून अजून परतलेला नाही, त्याच्या पत्त्यावर परळला गेले. खोलीत दहा-बारा जणं, पाळीपाळीनं झोपतात. एका भिंतीला फळी, फळीवर जत्रेतलंच दुसरं कार्ड, काचेत बसवलेलं! उदबत्तीची राख. पुन्हा माळ.
आमच्याच भागातला एक म्हातारा गिरणकामगार होता, गोमा. त्याला सांगितलं, हे कार्ड परत हवं, दुसरं देते.
"कशापाय?"
"तो पायरीवरचा माणूस... माझे वडील."
 मग गोमा उठला. "अरं, ह्यो आपला गुरव! मी म्हनत व्हतो ना तुमाला, वळखीचा दिसतो!" नि माझ्याकडे वळून, "आमी हितनं हात जोडताव. थितं देवाला पानी घालनारा कोन? ह्योच ना? म्हनून त्याला आदी कुकू."
 आई ज्याला अभद्र समजते, ते इथे मानाचं.
"आजारी आहेत ते," मी म्हटलं. "जिवंत माणसाला हार..."
"जिता हाय?" गोमा दचकला. "मी गावाला जाऊन लय वर्सां झाली. मला वाटला ह्यो जुना फोटो, म्हनजे..." त्यानं स्वतःच्या तोंडावर चापट मारली. माळ तिथल्या तिथे उतरवली. पण काच दिली नाही. "माळ न्हाय घालनार. कुकू पुसून टाकताव. पन देव कसा देऊ, ताय? हिकडं आमाला दुसरा कोन हाय?"
अर्धा तास उभी होते. हिसकावून घेता आलं नाही. आईला काय सांगू? घेतलं असतं तर गोमाला काय सांगितलं असतं?
इतर खोल्यांतून बरीच मिळाली. मामी म्हणाल्या, "भंगारवालीसारखी दारोदार काय फिरतेस?" फिरते खरी.

६ मे
परत. आबा फार उतरले आहेत. दाढी पांढरी वाढलेली. कार्डातला माणूस आणि हा माणूस...
आई दळायला गेली तेव्हा गोमाचं सगळं त्यांना सांगितलं. डोळे मिटून ऐकत होते. मध्ये खोकला आला. बरं वाटल्यावर: "काचेत बसवलंय?"
"हो."
"मुंबई बघायची राहिलीच माझी. तेवढा तरी राहू दे तिथं."
"आई म्हणते सगळी आणायची."
"आईला सांग, आणली. उरलेली जाळा. माझं काही म्हणणं नाही." मग जरा वेळानं, "तेव्हा श्वास धरून बसलो. आता धरायचा म्हटला तर धरवत नाही." आणि हसले, मला रडू येऊ नये म्हणून.
आईला सांगितलं, सगळी आणली.
हे खोटं कुणासाठी बोलले? आबांसाठी, आईसाठी, की गोमासाठी? माझ्यासाठीही असेल. हार-कुंकवानं काही होत नाही, असं मानणाऱ्या मला मुंबईतलं ते एक कार्ड रात्री आठवतं. माळ खरंच उतरवून ठेवली असेल ना?

११ मे
न्हाणीच्या चुलीत आईनं एकेक घातलं. देवळाची म्हणून आधी प्रत्येकाला हात जोडून. विलायती जाड कागद, लवकर पेटत नाही, कडेनं काळा होत मुडपतो. कळस आधी जातो, पायरी शेवटी.
आई पाणी आणायला विहिरीवर गेली, तेवढ्यात एक काढून घेतलं. कुंकू न लागलेलं, ह. मि. च्या पेटीतलं. संग्रहासाठी, असं मनाशी म्हटलं. घरात आबांचं दुसरं चित्र नाही. कुणी काढलंच नाही कधी.
पण ते कशासाठी लागेल, हे मनात आलं आणि ते घाईनं पुस्तकात सरकवलं. ठेवायचं म्हणजे तेच कबूल करायचं ना?

१७ मे
डॉक्टरांनी सुईनं पाणी काढलं. दोन दिवस बरं. आज पुन्हा ताप. शाळेत नकाशा लागला. सुट्टी असूनही मुली येऊन नागाव शोधत होत्या. मी बोट दाखवलं, लक्ष नव्हतं.
आई मात्र आता शांत आहे. सगळी जळली म्हणून. तिची शांती बघवत नाही.

२२ मे
ह. मि. दारावरून गेले. आत आले नाहीत, अंगणातूनच. "आगबोट ह्या आठवड्याअखेर बंद. मुंबईचं कोणाचं आणायचं राहिलं का, बाय?"
आई ओटीवर होती. मी मान हलवली, नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. समजले असावेत. "मग अल्ला आहे," म्हणाले आणि गेले.

२४ मे
आबांनी सकाळपासून पेज घेतली नाही. बोलवलं तर डोळे उघडतात. चुलतकाकांनी देवळातलं तीर्थ आणलं, ओठ तेवढे ओले केले.
दुपारी आई माझ्यामागे माजघरात आली. दार लोटलं. बराच वेळ डब्यांची झाकणं उगाच नीट करत राहिली.
"एखादं राहिलंय का गो?"
पाठमोरी होती. आवाजावरून काही समजेना. धास्ती होती, की घरात आबांचं दुसरं चित्र नाही हे तिलाही आठवलं होतं.
पुस्तकातून कार्ड काढलं. ती वळली, पदराला हात पुसले आणि हात पुढे केला. चुलीत घालायला, की नुसतं बघायला, ते तिनं सांगितलं नाही.  आतून आबांनी हाक मारल्यासारखं वाटलं. दोघींनी तिकडे मान वळवली.
कार्ड अजून माझ्याच हातात होतं.