वजिराचे नऊ

रुग्णालय, खोली नऊ
१४ मार्च, दुपार

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. मी बरा आहे. खिडकीबाहेर एक झाड आहे, एका डोळ्याने बघितलं तरी हिरवंच दिसतं. शाळेतल्या कविता मनात घोळवत पडून असतो. नर्सबाई म्हणतात, "आजोबा, मोठ्याने म्हणा की! नुसते ओठ हलवून आम्हाला का फसवता?"

बुद्धिबळ स्पर्धेचं कानावर आलंच असेल. चौथ्या फेरीत समोर तुझा लेक आला. तुझ्यासारखाच रुंद खांद्यांचा. पाया पडून म्हणाला, "काका, सांभाळून हां, म्हाताऱ्यांना सवलत नाही!" मी हसलो आणि राजाचा गँबिट लावला. दुसऱ्याच चालीला उंटापुढचं प्यादं फुकट पुढे. आठवतं? आपल्या घरात अशी सुरुवात करणं म्हणजे मार मागून घेणं. प्यादं गेलं की बाबांचा रूळ एकदा, घोड्याला तीनदा, वजिराला नऊ. तरी तू हट्टाने हीच खेळायचास. बोटं फुटायची, पटावर रक्त सांडायचं, आणि तू कवितेचं कडवं पुटपुटत राहायचास.

त्याने प्यादं खाल्लं. मग मोकळ्या वाटेने माझा हत्ती उतरला आणि त्याचा वजीर गेला. त्याने दोन्ही हातांनी डोकं झाकलं. ओठ हलत होते. तेच कडवं, धाकट्या.

मी हळूच म्हटलं, "अरे, इथे तुला कुणी मारत नाही."

तेवढं ऐकलं आणि त्याने पटाशेजारचं, चालींची वेळ मोजायचं लाकडी घड्याळ उचललं. पहिला घाव कपाळावर, दुसरा डोळ्यात. हाड मोडल्याचा आवाज मला आतून ऐकू आला. मी खाली कोसळलो तरी तो मारतच होता, मोजत. सात, आठ, नऊ. नऊला थांबला.

तुझ्या बायकोचा फोन आला होता. "दादा, पाय घसरून टेबलावर आपटलात असं सांगा ना. पोराचं आयुष्य मातीत जाईल." डोळा गेला तो गेलाच, हे तिला बोललो नाही. तुलाही लिहिणार नव्हतो.

उद्या पोलीस जबाब घ्यायला येतील. मी खरं सांगणार आहे. त्याने मारलं, हे. आणि नऊपर्यंत मोजायला त्याला कुणी शिकवलं, हेही. बाबा गेले तेव्हा तू त्यांची एकच वस्तू मागितलीस. मला वेड्याला वाटलं, जाळायला मागतोयस.

सकाळी लेकाला घेऊन ये. रूळ घेऊन ये. पोलीस आणतील त्या घड्याळाशेजारी तोही टेबलावर ठेवू. पुढचं तुझ्या लेकादेखत तूच बोल.

उरलेल्या डोळ्याने वाट बघणारा,
तुझा दादा