कवळीशिवाय अप्पा

६ जानेवारी, मंगळवार

निषेध! परळच्या या हॉस्पिटलात पेशंटच्या नातेवाइकासाठी जे स्टूल आहे, त्याचे तीन पाय जमिनीला मानतात. चौथा स्वतंत्र विचारांचा आहे. चार दिवस मी त्यावर डुलते आहे. तक्रार केली तर वॉर्डातल्या मावशी म्हणाल्या, "भिंतीला टेकवून बसा ना!" म्हणजे दुरुस्ती माझ्या पाठीने करायची.

अप्पा ठीक. खुब्याचं ऑपरेशन काल झालं, भुलीचा अंमल अजून आहे, माणसं ओळखत नाहीत. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, कवळी माझ्या पर्समध्ये, स्टीलच्या डबीत. गिरणीत कामगारांवर हुकूम चालवलेला हा जॉबर पंधरा वर्षांत कवळीशिवाय कुणालाही दिसलेला नाही. लालबागच्या चाळीत, सामायिक नळावर! पहाटे सगळ्यांच्या आधी उठून, भिंतीकडे तोंड करून सगळं उरकायचे. आई म्हणायची, "मला पण नाय दाखवलं हो कधी."

७ जानेवारी

शेजारच्या जाईबाईंचा फोन. "सीमा, अप्पा मोबाइलवर इले! चाळीच्या ग्रुपवर बघ."

बघितलं. अप्पा, बोळकं तोंड, हनुवटीवर पेज ओघळलेली. आकांक्षा – दुपारची नर्स, चोवीस-पंचवीसची असेल – चमच्याने भरवते आहे. अप्पा तिला म्हणतात, "आये, पुरे." ती म्हणते, "एकच घास, बाळा." मागे व्हायोलिन. खाली बदाम. तीन लाख लोकांनी पाहिलं.

मलाही रडू आलं. खोटं कशाला बोलू!

मग लक्षात आलं – हा चेहरा मीसुद्धा आजवर पाहिलेला नव्हता.

८ जानेवारी

आकांक्षाला जिन्यात गाठलं. शब्द तयार होते, पेपरात लिहिणं हा माझा धंदाच.

"कुणाला विचारून टाकलंस?"

"ताई, चांगलंच वाटलं म्हणून... लोक आम्हाला रोज शिव्याच घालतात हो. म्हटलं, एकदा तरी दिसू दे आम्ही काय करतो ते. शूट मैत्रिणीने केलं." मग हळू – "आजोबा शुद्धीत असते तर विचारलं असतं."

"शुद्धीत असते तर त्यांनी तुला 'आये' म्हटलंच नसतं!"

तिचा चेहरा पडला. माझ्यासमोरच व्हिडिओ काढून टाकला. काय उपयोग? तोवर तो कुठकुठे पोचलेला. ती कॉन्ट्रॅक्टवर आहे. तक्रार गेली तर दुसऱ्या दिवशी घरी. तक्रार लिहिली. झकास उतरली. पर्समध्ये ठेवली, कवळीच्या डबीशेजारी.

रविवारचं सदरही यावरच लिहून पाठवलं. पुरवणीचा संपादक यशोधन खूष – "ताई, कडक!"

९ जानेवारी

अप्पा पूर्ण शुद्धीवर. आणि नेमक्या जाईबाई भेटायला. "अप्पानु, काय गोड दिसतास ओ त्या विडिओत!" अप्पांनी मोबाइल मागितला. शेवटपर्यंत पाहिला. परत दिला. भिंतीकडे तोंड फिरवलं.

दुपारी जेवले नाहीत. संध्याकाळी चहासुद्धा नाही. कवळी पुढे केली, तर हाताने बाजूला सारली.

१० जानेवारी

सकाळीही काही नाही. डॉक्टर म्हणाले, "आज खाल्लं नाही तर नळी घालावी लागेल." आकांक्षा दारापर्यंत येऊन परत जायची.

अप्पांना उभारी यावी म्हणून सदर वाचून दाखवलं. म्हटलं, बघू दे म्हाताऱ्याला, लेक कशी भांडते त्याच्यासाठी! हॉस्पिटलची सालटी काढली होती. कवळीवर तर दीड परिच्छेद – नळ, पहाट, भिंत, सगळं.

भिंतीकडूनच आवाज आला. "वीस वर्सां तू माका पेपरात छापतंस. माजी गंजी, माजा घोरणा, तुज्या आवशीबरोबरची भांडणा. चाळीत लोक माका वाचून दाखवतत. माका इचारलंस कधी?"

मी सदराचा कागद खाली ठेवला.

"त्या चेडवान माका भरवल्यान तरी. तू नुसताच लिवलंस."

स्टूल एकदम स्थिर झालं. मीच हलायची थांबले असणार.

यशोधनला फोन केला. "सदर मागे घे."

"ताई, पान लागलंय!"

"मग जाहिरात लाव. साबणाची लाव, काहीही लाव."

तक्रारीचे चार तुकडे केले. मग आकांक्षाला हाताला धरून आत आणलं. ती कॉटशी उभी, हात जोडलेले. "आजोबा, चुकलं माझं. तुमचं तोंड असं चार लोकांत न्यायला नको होतं." मी तिच्याशेजारी उभी राहिले. हे वाक्य माझंही होतं, पण बोलली ती.

अप्पांचं तोंड भिंतीकडेच. मग हात मागे आला, तळवा वर. "कवळी."

मी डबी दिली. आकांक्षा न सांगता पडदा ओढून बाहेर गेली. तिच्या मागोमाग मीही. आतून "हां" आलं, तेव्हाच दोघी परत आत.

चमचा त्यांनी स्वतः धरला. अर्धी पेज चादरीवर. कुणी मदत केली नाही. वाटी संपवली.

११ जानेवारी, रविवार

आज माझ्या जागी साबण.

अप्पांना विचारलं, "तुमच्यावर यापुढे लिहू का?" वीस वर्षं उशिरा, पण विचारलं. ते बराच वेळ बोलत राहिले – आईबद्दल, त्या पहाटेच्या नळाबद्दल, भिंतीबद्दल.

काय बोलले, ते इथेही लिहीत नाही.